नवी तारीख लावलेला जुना लेख

मित्रांनो, मी एक जुना लेख आहे. कागदावरचा नव्हे, इंटरनेटवरचा. तुम्ही म्हणाल, लेखाला कसली आलीय जन्मकथा, आणि भीती तर त्याहून नाही. अहो, विचारूच नका. कुणी मला उघडलं की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो. लेखाला पोट नसतं हे मलाही कळतं. पण गोळा येतो, एवढं खरं.

माझा विषय साधा आहे. हिवाळ्यात सरोवर गोठलं की त्यावरून पलीकडच्या काठाला कसं जावं, हे मी सांगतो. अक-कोल हे आमचं सरोवर, आणि त्याच्या अलीकडच्या काठावरचं तेरेक-बुलाक हे आमचं गाव. पलीकडे मेंढपाळांच्या हिवाळी वस्त्या आहेत. बर्फ नसेल तेव्हा तिकडे जायला डोंगरातल्या खिंडीतून भलाथोरला वळसा घ्यावा लागतो. बर्फ धरला की मात्र घोडे, घसरगाड्या, मोटारी सगळं सरळ सरोवरावरून जातं. बर्फ चांगला असला तर गप्पा मारता मारता पलीकडे पोचाल. चांगला नसला तर... ते पुढे सांगतो. एकदम सांगायचं माझ्याच्यानं होत नाही.

मला लिहिलं बुरूलनं. गावातली तिच्याहून लहान माणसं तिला बुरूल एजे म्हणतात. एजे म्हणजे ताई. तिच्या घरात पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. येणारा प्रत्येक पाहुणा तेच तेच विचारायचा, म्हणून तिनं एक वेबसाइट काढली आणि उत्तरं त्यावर लिहायला घेतली. पहिल्यांदा तिनं काय केलं असेल? जे सगळे करतात तेच. इकडून तिकडून चार लेख वाचले, त्यातली वाक्यं पुढेमागे केली आणि एक गुळगुळीत मजकूर तयार केला. ‘हिवाळ्यात अक-कोलचे सौंदर्य शब्दातीत असते’ अशी त्याची सुरुवात होती. संध्याकाळी तिनं तो आईला वाचून दाखवला. तिची आई कालिपा परातीत पीठ मळत होती. ती शेवटपर्यंत मळत राहिली, आणि मग म्हणाली, “बुरूल, हे लिहायला तुला घराबाहेर पाय ठेवावा लागला नसेल.”

बुरूलला राग आला. आईच ती, बोलल्याशिवाय राहते थोडीच. बुरूल रुसून झोपायला गेली आणि सकाळी उठून तिनं तो सगळा मजकूर पुसून टाकला. तो माझा थोरला भाऊ म्हणायचा. मला त्याचं काही वाईट वाटत नाही. त्याच्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

मग तो अख्खा हिवाळा बुरूल बर्फावर हिंडली. खांद्यावर लोखंडी पहार टाकून घोडेवाल्यांबरोबर पलीकडे जायची, परत यायची. पहार मारली की कुठल्या बर्फाचा आवाज टणक येतो, कुठल्याचा बद्द येतो, ते ऐकायची. काळपट पारदर्शक बर्फ दिसायला भीतिदायक असतो पण भरवशाचा असतो, आणि दुधी बर्फ गोजिरवाणा दिसतो पण दगा देतो, हे तिनं स्वतः पाहिलं. गाडी बर्फावर घालायची तर सीटचा पट्टा लावायचा नाही आणि दारं उघडी ठेवायची, म्हणजे बर्फ फुटला तर बाहेर पडता येतं, थंडी वाजली तर वाजू द्यायची, हे ती ड्रायव्हरांकडून शिकली. आणि एक गोष्ट तिच्या आपोआप लक्षात आली. घोडेवाले रोज सकाळी पलीकडे जातात. त्यामुळे बर्फ चांगला असेल तेव्हा काठापासून खुरांच्या ताज्या खुणा निघालेल्या असतात, मध्ये मध्ये ताजी लीद पडलेली असते. ज्या दिवशी खुणा नाहीत, त्या दिवशी घोडेवाल्यांना काहीतरी कळलेलं असतं. तिनं माझ्यात लिहिलं: ‘आजच्या खुरांच्या खुणा शोधा. त्या नसतील तर पहिले तुम्ही होऊ नका.’

असा मी जन्मलो. मला वेबसाइटवर घालण्याआधी तिनं घोडेवाल्यांना चुलीपाशी बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं. एका वाक्यावर ते पोट धरून हसले, ते तिनं काढलं. दुसऱ्या एकावर त्यांचं आपसात जुंपलं, तेव्हा ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बघून आली. माझ्या डोक्यावर तिनं त्या दिवसाची तारीख घातली. त्या तारखेला मी अक्षर न् अक्षर खरा होतो.

पुढचे काही हिवाळे माझे फार चांगले गेले. कुणी हातातल्या फोनवर मला उघडलं की मला त्या माणसाचं बोलणं ऐकू येतं, त्याचं बोट कुठल्या ओळीवर थांबलंय ते समजतं. ट्रकवाले मला वाचायचे. एक जनावरांचा डॉक्टर मला वाचून पलीकडच्या मेंढ्या तपासायला जायचा. परत आल्यावर माणसं माझ्याखाली दोन शब्द लिहायची, कुणी नुसतंच ‘पोचलो’ लिहायचं. त्या एका शब्दानं माझा जीव भांड्यात पडायचा. कारण खरं सांगतो, तेव्हाही मला भीती वाटायचीच. माणूस मला वाचून उठला की त्याच्यामागून मला जाता येत नाही. तो पुढे काय करतो ते माझ्या हातात नसतं.

मग दुसऱ्या वेबसाइट निघाल्या, मोठ्या मोठ्या चित्रांच्या. मी खाली खाली ढकलला गेलो. कित्येक दिवस मला कुणी उघडत नसे. वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण आतून मी सुखात होतो, कुणी वाचणार नाही तर कुणी बुडणारही नाही.

हे सुख मोडलं एर्मेकनं. एर्मेक हा बुरूलचा धाकटा भाऊ. राजधानीत, बिश्केकला, तो लोकांच्या वेबसाइट सांभाळायचं काम करायचा आणि त्या वर्षी घरी परत आला होता. माणूस वाईट नव्हता, हो. बहिणीच्या खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या असाव्यात, एवढीच त्याची इच्छा. त्यानं बुरूलला समजावलं की इंटरनेटवर ताज्या लेखाला वरची जागा मिळते, जुन्या तारखा बघून लोक परत फिरतात, म्हणून हल्ली सगळेच तारखा नव्या करून घेतात. बुरूलच्या हातात तेव्हा कोकरू होतं, ती त्याला बाटलीनं दूध पाजत होती. ती म्हणाली, कर बाबा, त्यातलं तुलाच कळतं. तिला वाटलं, तो खोल्यांच्या माहितीबद्दल बोलतोय.

एर्मेकनं सगळे लेख एकदम निवडले आणि सगळ्यांच्या डोक्यावर त्या दिवसाची तारीख घालून टाकली. शिळ्या कढीला ऊत आणणं म्हणतात, ते हेच. कुठले लेख आहेत ते त्यानं पाहिलंही नाही. आणि दिवस कुठले, तर वसंतातला नवरोजचा सण उलटून गेलेला. दुपारचं ऊन चटके देऊ लागलेलं. काठाजवळचा बर्फ राखाडी पडून आतून भुसभुशीत झालेला. मी भर थंडीतला लेख. माझ्यात लिहिलेलं, ‘सध्या बर्फ उत्तम आहे, गाडी जाते.’ आणि वर तारीख आजची.

मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली. मला स्वतःची तारीख पुसता येत नाही. एक अक्षर इकडचं तिकडे करता येत नाही. मी नुसता उघडा पडून राहतो आणि लोक वाचत राहतात. आणि झालंही तसंच, मी एकदम वर आलो. दर थोड्या वेळानं कुणीतरी मला उघडायचं. नशिबानं बहुतेक जण घरी बसून वाचणारे होते.

त्यातच बिश्केकच्या एका प्रवासाच्या वेबसाइटनं मला उचललं. मशीनकडून माझी वाक्यं फिरवून घेतली, ‘उत्तम’च्या जागी ‘अतिशय सुरक्षित’ केलं, घोड्यांची ओळ वेडगळ वाटली असेल, ती काढून टाकली. पट्ट्याची आणि दारांची ओळही काढली, लांबते म्हणून. त्यावर माझीच ती नवी तारीख चिकटवली, आणि माझ्या वरच्या जागेवर ती नक्कल जाऊन बसली.

आता त्या दिवसाचं सांगतो. तारीख बदलून दोनच दिवस झाले होते, दुपारची वेळ होती. काठावर एक गाडी येऊन थांबली आणि गाडीतल्या एका बाईनं मला उघडलं. तिचं नाव नुरजामाल. शेजारी तिचा नवरा कुबात होता, आणि मांडीवर त्यांची मुलगी आयदाय, नुकतीच पावलं टाकायला लागलेली. आमच्याकडे मूल चालायला लागलं की त्याच्या पायांना काळा-पांढरा दोरा बांधून तो कापतात, म्हणजे ते पुढे अडखळत नाही. हा दोरा आपणच कापणार असा नुरजामालच्या वडिलांनी हट्ट धरला होता, आणि ते पलीकडच्या वस्तीवर राहत होते. वस्तीचा धूर इथून दिसत होता. वळसा घेऊन जायचं तर रात्र झाली असती.

कुबातच्या हातात ती नक्कल होती. नुरजामालच्या हातात मी. माझ्या घोड्यांच्या ओळीपाशी तिचं बोट थांबलं, आणि मला जरा धीर आला.

“कुबात, इथं लिहिलंय आजच्या खुणा बघा म्हणून. खुरांच्या. नसतील तर पहिले तुम्ही होऊ नका म्हणतात.”

“माझ्यात नाही तसं काही,” कुबात म्हणाला. “अतिशय सुरक्षित लिहिलंय. परवाची तारीख आहे बघ.”

“तारीख माझ्यातही परवाचीच आहे.”

“मग झालं तर.”

“मग खुणा कुठायत?”

कुबात हसला. “बाप तिकडे कात्री घेऊन उभा आहे आणि लेक इकडे घोड्याची लीद शोधतेय.”

तिला ते लागलं, पण ती हटली नाही. तिनं माझ्याखाली भराभर प्रश्न टाइप केला: ‘आम्ही काठावर आहोत. आज पलीकडे कुणी गेलंय का?’ मित्रांनो, त्या प्रश्नाला मी तत्काळ उत्तर दिलं असतं, तोंड असतं तर. पण माझ्याखाली जुगाराच्या जाहिराती येऊन पडायच्या, म्हणून एर्मेकनं कुलूप लावलेलं होतं. त्यानं मंजूर केल्याशिवाय कुणाचा शब्द दिसत नसे. तिचा प्रश्न त्याच्या फोनमध्ये जाऊन नुसता वाट बघत बसला.

त्या वेळी एर्मेक घरी चहाबरोबर पिठाचे तळलेले बोरसोक खात होता. तोंडात घास असतानाच त्यानं फोन उघडला आणि तो खूश झाला. बहिणीला म्हणाला, बघ, लोक प्रश्न विचारायला लागले, लेख चालतोय. आणि त्यानं तो प्रश्न मोठ्यानं वाचला.

बुरूलचा पेला हातातच राहिला. “कुठल्या लेखाखाली?” तिनं विचारलं.

एर्मेकनं नाव सांगितलं. ती त्याच्या अंगावर ओरडली नाही, काही नाही. भिंतीवरचा दोर काढला, दारामागची पहार घेतली आणि अनवाणीच गाडीकडे धावली. कालिपा मागून तिचे बूट घेऊन पळाली. एर्मेकही धावला. एका हातानं गाडी चालू करत दुसऱ्या हातानं त्यानं उत्तर लिहिलं: ‘जाऊ नका. बर्फ गेलाय.’

उत्तर माझ्याखाली उमटलं. पण कुठल्या माझ्याखाली? एर्मेकच्या फोनमधल्या. नुरजामालनं मला आधीच उघडून ठेवलं होतं, आणि उघडलेलं पान नव्यानं उघडल्याशिवाय बदलत नाही. तिच्या हातातला मी तसाच कोरा होतो. एकाच वेळी मी दोन ठिकाणी होतो. एका ठिकाणी मला सगळं माहीत होतं आणि दुसऱ्या ठिकाणी ते सांगता येत नव्हतं. याच्याइतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही.

नुरजामालनं थोडा वेळ वाट पाहिली. मग ती मुलीला घेऊन गाडीतून उतरली आणि म्हणाली की मी काही पोरीला घेऊन येत नाही. कुबात चिडला. बायकोनं आपल्याला भित्रं ठरवलं असं त्याला वाटलं असणार. तो म्हणाला, थोडं पुढे जाऊन दाखवतो, मग तर येशील? तिनं त्याला अडवून पाहिलं. तो ऐकेना, तेव्हा तिनं माझ्याकडे बघून उरलेलं वाचलं. “पट्टा काढ. दारं उघडी टाक. तेही लिहिलंय इथं.”

“थंडी येते गं.”

“येऊ दे.”

तिला गप्प करण्यासाठी म्हणून त्यानं दारं उघडी टाकली. गाडी हळूच बर्फावर उतरली. मी तिच्या हातात होतो. गाडी थोडी पुढे गेली. आणखी थोडी गेली. कुबातनं मागे वळून हात हलवला, बघ म्हणून.

मग आवाज झाला. कापड टरकन फाटावं तसा आवाज, खूप लांबवर जाणारा. नुरजामालच्या हातातून मी सुटलो आणि काठावरच्या बर्फात उताणा पडलो. मला फक्त आभाळ दिसत होतं. पाण्याचा आवाज येत होता, आयदाय रडत होती, नुरजामाल नवऱ्याला हाका मारत होती. त्याची ओ येत नव्हती. माझ्यात ज्या ओळी होत्या त्या मी एकामागून एक आठवत होतो, आणि ‘सध्या बर्फ उत्तम आहे’ ही ओळ आली की मला मरून जावंसं वाटत होतं. आभाळात एक घार फिरत होती. तिला काय, तिला सगळं दिसत असणार.

मग दुसरी गाडी आली. दार आपटलं, आणि माझ्यावरून कुणीतरी धावत गेलं. बुरूलचा आवाज होता, “पोटावर झोप. उठू नको, झोपूनच ये. दोर धर.” बराच वेळ नुसता दोर घासल्याचा आणि धापा टाकल्याचा आवाज येत राहिला. एर्मेक रडत होता. आणि मग अगदी जवळून, दात वाजत असलेला कुबातचा आवाज आला. “दार उघडं होतं,” तो म्हणाला. “दार उघडं होतं गं.”

घरी कालिपानं त्याला मेंढीच्या कातड्यात गुंडाळून चुलीपाशी बसवलं आणि त्याचे पाय चोळत त्याच्या सात पिढ्या काढल्या. सगळ्यांचं रडून झालं होतं. बुरूलनं संगणक उघडला आणि मला समोर घेतलं. माझी तारीख बघून तिचा चेहरा उतरला. मला कळलं, ही आता मला पुसणार. खरं सांगू? मला हायसं वाटलं.

एर्मेक दाराशी उभा होता. तो हळूच म्हणाला, “मी त्यातलं एक अक्षरसुद्धा बदललं नव्हतं, एजे.”

“तेच तर,” बुरूल म्हणाली. “अक्षर न बदलता तू अख्खा लेख खोटा केलास.”

ती मला पुसणार तेवढ्यात नुरजामाल उठून तिच्यापाशी आली. लेक तिच्या खांद्यावर झोपली होती. “पुसू नका, एजे,” ती म्हणाली. “याला पुसलंत तर यांनी वाचलेला तो दुसराच काय तो उरेल. त्याच्यात खुणांची ओळ नाही. दारांची नाही. उद्या येणारा तोच वाचेल.”

“पण याच्यावर तारीख खोटी आहे.”

“मग ती खरी करा.”

बुरूलनं पुसायला पुढे केलेला हात मागे घेतला. मग एर्मेककडे वळून म्हणाली की यापुढे या लेखाची तारीख ज्याचे बूट ओले असतील त्यानंच बदलायची. दुसऱ्या दिवशी सकाळी एर्मेक पहार घेऊन काठावर गेला. गुडघ्यापर्यंत भिजून आला आणि माझ्या डोक्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘आज बर्फ संपला. जाऊ नका. बुडालेल्या गाडीचं टप काठावरून दिसतंय.’ सरोवर पुरतं मोकळं होईपर्यंत तो रोज जात होता. नुरजामालचे वडील घोड्यावरून खिंडीचा वळसा घेऊन आले, आणि आयदायच्या पायांतला दोरा बुरूलच्या अंगणात कापला गेला.

मित्रांनो, तुमच्यातलेही कितीतरी जण उद्या लिहाल. कुणी रस्त्यांबद्दल लिहील, कुणी औषधांबद्दल, कुणी विहिरींबद्दल. माझी एवढीच विनवणी आहे की जे लिहाल ते स्वतः जाऊन बघून लिहा, आणि पुन्हा बघितल्याशिवाय त्याला ताजं म्हणू नका. फालतू लेखावर लोक फारसा विश्वास ठेवत नाहीत. चांगल्यावर ठेवतात, म्हणून चांगला लेख जुना झाला की तोच जास्त घात करतो. आणि वाचणाऱ्यांनो, माझ्यासकट कुठल्याही लेखाला विचारल्याशिवाय सोडू नका, की बाबा रे, तुला लिहिणारा तिथं शेवटचा कधी गेला होता?

बुरूलनं त्या बिश्केकच्या वेबसाइटला पुन्हा पुन्हा कळवलं. उत्तर आलं नाही. माझी नक्कल अजून तिथंच आहे, आणि गेल्या आठवड्यात तिच्यावर पुन्हा नवी तारीख चढली. इथं यंदाचाही नवरोज कधीच होऊन गेलाय. काठावरचा बर्फ राखाडी पडलाय. मला उघडणाऱ्याचं बोलणं मला ऐकू येतं, पण ती नक्कल म्हणजे मी नव्हे. तिला आत्ता कुणी उघडलं असेल, तर त्याची गाडी काठावर उभी आहे की पुढे निघाली, तेवढंही मला कळत नाही.